फॅशिया : आधी उपेक्षा, आता बाजार

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या व्यायामशाळांत आणि समाजमाध्यमांवर एका शब्दाची चलती आहे. तो शब्द म्हणजे फॅशिया. कंबर दुखली तर फॅशिया आखडलेला असतो, मान अवघडली तर तो चिकटलेला असतो, खांदे पुढे झुकले तर तो आक्रसलेला असतो. थकवा, अपचन आणि जुने मानसिक आघातही याच पडद्यात साठून राहतात, असे छातीठोकपणे सांगणारे प्रशिक्षकही सापडतात. त्यावरचे उपायही तयार असतात : फोमचा रोलर, थरथरणारी मसाज गन, लोखंडी पट्टीने पाठ घासणे आणि ‘फॅशिया मोकळा करून देणारी’ दहा सत्रांची पॅकेजेस.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चित्र नेमके उलटे असते. सकाळी उठून पाय जमिनीवर टेकवताच टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला हा शब्द सहसा कोणी सांगत नाही. एक्स-रे निघतो, ‘टाचेचे हाड वाढलंय’ एवढे तिला कळते आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी घेऊन ती घरी जाते. ज्या ऊतीच्या नावाने एकीकडे पैसे उकळले जातात, त्याच ऊतीचा खरा आजार दुसरीकडे दुर्लक्षित राहतो. दोन्हीकडे तोटा रुग्णाचाच.

म्हणूनच फॅशिया म्हणजे काय, तो खरोखर काय करतो आणि काय करत नाही, हे सामान्य वाचकाला नीट माहीत असायला हवे.

कचऱ्याच्या बादलीतून प्रयोगशाळेत

मटण साफ करताना तुकड्यावरून निघणारा पातळ, पांढुरका, चिवट पापुद्रा ज्याने पाहिला आहे, त्याने फॅशिया पाहिला आहे. मराठी परिभाषेत त्याला प्रावरणी म्हणतात. संत्र्याचे उदाहरण घेतले तर रचना अधिक स्पष्ट होते. साल काढल्यावर फोडींना धरून ठेवणारे पांढरे जाळे दिसते, प्रत्येक फोडीला स्वतःचे आवरण असते आणि फोडीतल्या प्रत्येक रसाळ कणालाही आणखी पातळ वेष्टण असते. शरीरातही असेच आहे. त्वचेखाली एक सैल थर, त्याखाली स्नायूंच्या गटांना गुंडाळणारा घट्ट थर, मग प्रत्येक स्नायूचे आवरण आणि त्याच्या आत स्नायूतंतूंच्या जुडग्यांची आवरणे. हे सारे एकमेकांत मिसळलेले असते आणि पुढे स्नायूबंध व हाडाच्या आवरणालाही जोडलेले असते.

त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. कोलॅजेनचे तंतू ओढ सहन करण्यात पटाईत असतात. सोबत थोडे लवचिक इलॅस्टिन असते, आणि थरांच्या मधे हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ वंगणासारखा असतो. त्यामुळे स्नायू आकुंचन पावताना शेजारच्या थरांवरून अलगद सरकू शकतात.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शवविच्छेदन करताना विद्यार्थ्यांना पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले की, हा पांढरा पडदा बाजूला काढा म्हणजे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतील. शल्यचिकित्सकांना फॅशियाचे महत्त्व नेहमीच ठाऊक होते, कारण त्याच्या थरांमधूनच त्यांना वाट काढावी लागते. पण बाकीच्यांसाठी तो वेष्टणाचा कागद होता, वस्तू हाती आली की फेकून देण्याचा. २००७ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे फॅशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद भरली, तेव्हापासून या विषयाला स्वतंत्र ओळख मिळाली. इटलीत पादुआ विद्यापीठातील कार्ला स्टेको यांनी त्याची बारकाईने शरीररचना मांडली. अमेरिकेत हेलेन लँजेविन यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या पाठीतले थर सरकताना मोजले. उपेक्षेचा काळ संपला, हे चांगलेच झाले. मात्र प्रयोगशाळेतले सावध निष्कर्ष बाजारात पोहोचेपर्यंत त्यांची छातीठोक आश्वासने झाली.

पाऊल : सर्वांत पक्का पुरावा

फॅशियाचे काम समजून घ्यायचे तर सर्वांत चांगली जागा म्हणजे तळपाय. टाचेच्या हाडापासून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, तंतुमय पट्टा पसरलेला असतो. हा तळपायाचा फॅशिया. पाऊल हे कमानीसारखे धरले, तर हा पट्टा म्हणजे कमानीची दोन टोके खालून बांधून ठेवणारी दोरी.

जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ मध्ये या दोरीची युक्ती उलगडून दाखवली. चालताना टाच उचलली की बोटे वरच्या दिशेला वळतात. त्याबरोबर हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, जशी विहिरीच्या रहाटावर दोरी गुंडाळली जाते. दोरी आखूड झाली की कमान उंचावते आणि मऊ, लवचिक पाऊल क्षणात कडक तरफेसारखे होते. त्या तरफेवर जोर देऊन माणूस पुढचे पाऊल टाकतो. हे घरी पाहता येते. उभे राहून कोणाकडून तरी पायाचा अंगठा वर उचलून घ्यावा, तळपायाची कमान आपोआप वर येते. त्यासाठी कोणताही स्नायू मुद्दाम वापरावा लागत नाही.

१९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने यात आणखी भर घातली. धावताना पावलाची कमान स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि परत उसळते. प्रत्येक पावलागणिक लागणाऱ्या ऊर्जेतील सुमारे १७ टक्के ऊर्जा ती अशी साठवून परत देते, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. म्हणजे दिवसभर सिग्नलवर उभा असलेला हवालदार, वर्गात फिरणाऱ्या शिक्षिका, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई, या सगळ्यांचा भार हा पट्टा मूकपणे झेलत असतो.

तो थकतो तेव्हा टाच दुखते. या आजाराला प्लांटर फॅशायटिस म्हणतात. नावात दाह असला तरी २००३ मध्ये ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, तेव्हा तिथे दाहाऐवजी झीज दिसली. हा तपशील महत्त्वाचा आहे. दाह असता तर दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी प्रश्न सुटला असता. झीज असेल तर गोळी काही दिवस वेदना दाबते, पट्ट्याची ताकद वाढवत नाही. आणि एक्स-रेमध्ये दिसणारे ‘वाढलेले हाड’? ते टाच न दुखणाऱ्या अनेकांमध्येही आढळते. त्याचा धसका घेण्याचे कारण नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, बोटे हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढावीत, तळपायातला पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या साध्या व्यायामाने आठ आठवड्यांनंतर पोटरी ताणण्याच्या नेहमीच्या व्यायामापेक्षा चांगला आराम दिला. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ताकदीचा व्यायाम तपासला : पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर न्यायची आणि सावकाश खाली आणायची, एक दिवसाआड. तीन महिन्यांनी या गटाची स्थिती अधिक चांगली होती. बारा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच झाले, हेही सांगितले पाहिजे. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना बरी होते, पण त्याला महिने लागतात, कारण कोलॅजेन सावकाश बदलते. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन तात्पुरता आराम देते, परंतु वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा धोका असतो.

कंबर आणि वाकलेली पाठ

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे कंबर. पाठीच्या खालच्या भागात फॅशियाची एक रुंद, अनेकपदरी चादर असते. वरून पाठीचा रुंद स्नायू तिच्यात येऊन मिळतो, खालून नितंबाचा मोठा स्नायू. एका बाजूचा खांदा आणि विरुद्ध बाजूचे नितंब यांना ही चादर जोडते. चालताना उजवा हात पुढे जातो तेव्हा डावा पाय पुढे येतो, या लयीत तिचा वाटा आहे.

वाकण्याबाबत तर तिचे काम आणखी रंजक आहे. माणूस पुढे वाकू लागला की पाठीचे स्नायू आधी जोरात काम करतात. पण पूर्ण वाकल्यावर ते जवळपास गप्प होतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५०च्या दशकात विद्युत नोंदी घेऊन हे दाखवले. मग धड कोण पेलते? मणक्यांचे अस्थिबंध आणि ही फॅशियाची चादर. स्नायूंना विश्रांती मिळते, पण ताण या निष्क्रिय ऊतींवर जातो. सतत ताणलेली ऊती हळूहळू सैलावते. मॅकगिल आणि ब्राउन यांच्या १९९२च्या प्रयोगात, वीस मिनिटे पूर्ण वाकून बसल्यानंतर पाठीचा ताठपणा पहिल्या दोन मिनिटांत जेमतेम निम्माच परत आला. काही सैलपणा तर अर्ध्या तासानंतरही उरला होता.

या प्रयोगाचा महाराष्ट्राच्या शेतीशी थेट संबंध लागतो. कोकणातली भातलावणी, खुरपणी, आणि सर्वांत कष्टाची ऊसतोड. ऊसतोड कामगार वाकून ऊस तोडतात आणि लगेच जड मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे चालू लागतात. म्हणजे पाठीचा आधार सैलावलेला असतानाच तिच्यावर सर्वांत मोठा भार पडतो. मोळी उचलण्याआधी दोन-तीन मिनिटे सरळ उभे राहणे, कंबरेवर हात ठेवून पाठ किंचित मागे नेणे, दोन-चार पावले टाकणे, एवढी सवय लागली तरी फायदा होण्यासारखा आहे. अंगावर घेतलेल्या कामात ही दोन मिनिटे कामगाराला परवडत नाहीत, हे खरे. तेवढी उसंत मिळणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

हेच खुर्चीत पोक काढून बसणाऱ्यांनाही लागू आहे. ‘ताठ बस’ हा घरोघरचा हुकूम आहे, पण सर्वांसाठी एकच आदर्श बैठक असते असा पुरावा नाही. कोणत्याही एका बैठकीत तासन् तास राहणे मात्र ऊतींना मानवत नाही. दर अर्ध्या तासाने उठणे हे महागड्या खुर्चीपेक्षा मोलाचे.

दावा कुठे संपतो?

पाठीच्या फॅशियात वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोके भरपूर असतात. स्वयंसेवकांच्या पाठीत खारट द्रावण टोचून पाहिलेल्या प्रयोगात स्नायूपेक्षा फॅशियात टोचल्यावर वेदना जास्त झाल्या. लँजेविन यांच्या २०११च्या अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांच्या पाठीत थरांचे एकमेकांवरून सरकणे निरोगी माणसांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे फॅशियाचा कंबरदुखीशी संबंध आहे, असे म्हणायला आधार आहे. पण सरकणे घटल्यामुळे कंबर दुखते, की दुखणाऱ्या कंबरेची हालचाल कमी झाल्यामुळे सरकणे घटते, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. बाजार नेमका हाच प्रश्न गाळतो.

हाताने किंवा रोलरने फॅशिया ‘वितळवता’ किंवा ‘सोडवता’ येतो, हा दावा तर अधिकच डळमळीत आहे. २००८ मध्ये संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून हिशेब केला. मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया अवघा एक टक्का दाबायचा असेल, तरी माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेरचे बल लागेल, असे त्यातून निघाले. मग रोलर फिरवल्यावर बरे का वाटते? त्वचेतल्या आणि ऊतींतल्या मज्जातंतूंना संदेश जातो, मेंदू ताण सहन करण्याची मर्यादा थोडी वाढवतो, स्नायू सैल पडतात. सांध्याची हालचाल थोड्या वेळासाठी वाढते. यात वावगे काही नाही. ज्याला बरे वाटते त्याने रोलर जरूर वापरावा. फक्त त्याने शरीराची घडण बदलली, असे मानू नये आणि त्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत.

डोक्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या फॅशियाच्या ‘साखळ्यां’चेही तसेच. शवविच्छेदनाच्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. तळपाय, पोटरी, मांडीची मागची बाजू आणि पाठ यांना जोडणाऱ्या मागच्या साखळीला भक्कम आधार मिळाला. शरीराच्या पुढच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या सरळ साखळीला मात्र तो मिळाला नाही. कल्पना अर्धी खरी असणे विज्ञानात नेहमीचे आहे. अर्धी खरी कल्पना पूर्ण किमतीला विकणे हा व्यापार झाला.

याउलट, फॅशिया खरोखर कडक होतो त्या आजाराची चर्चा फारशी होत नाही. तो म्हणजे मधुमेह. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती कोलॅजेनला चिकटते आणि तंतूंमध्ये आडवे बंध तयार होतात. मग ऊती ताठरतात. अशा काही रुग्णांना नमस्कारासाठी हात जोडले तरी दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकवता येत नाहीत. खांदा आखडण्याचे प्रमाणही मधुमेहींमध्ये जास्त असते आणि तळपायाचा पट्टा जाड होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. फॅशियाची खरी काळजी घ्यायची तर सुरुवात साखर आटोक्यात ठेवण्यापासून करावी लागेल.

जेव्हा हा पडदा जीवघेणा ठरतो

फॅशियाची एक बाजू जाहिरातीत कधीच येत नाही. हात आणि पाय यांतील स्नायू फॅशियाच्या बंद कप्प्यांमध्ये असतात. हे कप्पे फारसे ताणले जात नाहीत. हाड मोडल्यावर किंवा स्नायू चिरडल्यावर आत सूज येते, कप्पा मात्र तेवढाच राहतो. दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांत न भरून येणारे नुकसान सुरू होते. जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच घट्ट पट्ट्यांनंतर कायमचा वाकडा होणारा हात वर्णिला होता.

हा धोका आजही आहे. झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेल्या मुलाचे कोपराजवळचे हाड मोडते. हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळतो, किंवा रुग्णालयात घातलेले प्लास्टर सूज वाढल्यावर घट्ट होते. मूल रात्रभर रडते आणि घरचे म्हणतात, ‘हाड मोडलंय, दुखणारच.’ सकाळपर्यंत उशीर झालेला असतो.

लक्षणे प्रत्येक घरात माहीत असायला हवीत. औषध देऊनही वेदना वाढत जाते. बोटे दुसऱ्याने हलकेच सरळ केली तरी असह्य कळ येते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हात किंवा पोटरी लाकडासारखी टणक लागते. नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी घट्ट पट्टी तातडीने सोडावी, प्लास्टर असेल तर जवळच्या रुग्णालयात ते आतल्या कापसासकट उभे कापून घ्यावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि शल्यचिकित्सकाकडे धाव घ्यावी. गरज पडल्यास शल्यचिकित्सक फॅशिया चिरून कप्पा मोकळा करतात. ‘फॅशिया मोकळा करणे’ हे शब्द अक्षरशः खरे ठरतात ते इथे, आणि त्याने हात वाचतो.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पहिली गोष्ट, प्लास्टर घातलेल्या प्रत्येक रुग्णाला ही लक्षणे मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी आणि ती वाचूनही दाखवावी. दुसरी, टाचदुखी आणि कंबरदुखीच्या रुग्णाला गोळ्यांच्या आधी व्यायाम दाखवला जावा. त्याला पाच मिनिटे लागतात, पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरकडे ती नसतात. म्हणून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदे असायला हवीत, आणि ती भरलेलीही हवीत. तिसरी, २०२१च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. त्याचा धाक प्रत्यक्षात दिसला पाहिजे. चार वर्षांहून अधिक काळ शिकून पदवी घेतलेला फिजिओथेरपिस्ट आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला ‘फॅशियातज्ज्ञ’ यांतला फरक रुग्णाला कळला पाहिजे.

वाचकानेही एक प्रश्न विचारायची सवय लावावी. कोणी फॅशियाचे नाव घेऊन उपचार सुचवला, तर याने नेमके काय बदलते आणि किती दिवसांत, हे विचारावे. ‘एका सत्रात’ असे उत्तर आले तर पाकीट खिशातच ठेवावे. फॅशियाचे कोलॅजेन महिन्यांच्या हिशेबाने बदलते. त्याला रोजचा थोडा ताण, थोडी विश्रांती आणि बैठकीतला बदल लागतो. जिना चढणे, मांडी घालून बसणे, उकिडवे बसून उठणे, चालणे, ज्याला जे झेपेल ते. यांतले काहीही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.